या वेळी नीट तपासा

३ नोव्हेंबर, सोमवार
नवीन नोकरी, म्हणून नवीन डायरी. नवघरला भाड्याची खोली मिळाली, तिथून केबिन रोडवरचा दवाखाना चालत सात मिनिटं. खाली साड्यांचं दुकान, पहिल्या मजल्यावर आम्ही. पाटीवर डॉ. हरिश्चंद्र सामंतांच्या नावाखाली माझं नाव आजच रंगवलं: डॉ. पंचशीला जोंधळे, वैमानिकांची वैद्यकीय तपासणी. रंग ओला असतानाच फोटो काढून पप्पांना परभणीला पाठवला. ते एसटीत कंडक्टर होते. म्हणाले, पायलटचं एवढं काय तपासतात? मी सांगितलं, डोळे, कान, रंग ओळखणं, रक्त, छाती, ईसीजी, आणि शेवटी एकच शब्द लिहायचा. पात्र किंवा अपात्र.
आठ वर्षं सरकारी वॉर्डात काढली, मग बंगळुरूचा कोर्स, परीक्षा, मान्यता. तो शब्द लिहायचा हक्क मी कमावलाय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
काम आवडतंय. रिसेप्शनवर जागृती आहे, उत्तनची. डब्यातला अर्धा बोंबील मला देते. सामंतसर वीस वर्षं हेच काम करतायत. त्यांच्याकडे कोणी नापास होत नाही, असं जागृती कौतुकाने म्हणाली. मी हसले.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आज जागृतीच्या गल्लीतला प्रणित आला. बावीस वर्षांचा. वडील लीलाधर मासेमारी करतात, त्यांनी बोट विकून याला फ्लाइंग क्लबात घातलंय. उत्तनमधला पहिला पायलट होणार. ईसीजी तीन वेळा काढला. दोनदा ठोक्याच्या आधी रेघेत एक जादा चढण स्पष्ट दिसली, तिसऱ्यांदा नाही. असं हृदय एखाद्या दिवशी अचानक बेफाम पळतं. खोदून विचारलं तेव्हा कबूल झाला, एकदा बोटीवर डोळ्यांपुढे अंधार आला होता.
यावर इलाज आहे. दोन महिन्यांत बरा होऊन उडेल. मी लिहिलं, तूर्त अपात्र.
सरांनी कागद फाडला. तिसरा ईसीजी फाइलला लावला आणि म्हणाले, एका रेघेसाठी पोराचं वर्ष घालवू नका, नवीन आहात, शिकाल. मी अर्धा तास भांडले.
मग सही केली. पात्र.

२ डिसेंबर, मंगळवार
जागृती दारातच बसली होती. म्हणाली, "मॅडम, आपला प्रणित न्हाय आता." पहिल्यांदा एकटा उडाला. विमान सरळ शेतात कोसळलं. शेवटची काही मिनिटं रेडिओवर त्याचा आवाज नव्हता.
सर म्हणाले, इंजिन असेल. मी विचारलं, इंजिन बंद पडलं तर रेडिओवर तो गप्प का? त्यांनी चहा मागवला. चहा! तो कप त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला. मग आठवलं, सही माझी आहे.

४ डिसेंबर, गुरुवार
अकरा वाजता बेल वाजवली, पुढचा पेशंट आत आला. प्रणित.
ओळखण्यात चूक नाही. तोच शर्ट, हातात तीच फाइल. खुर्चीत बसला, बाही वर केली. शांतपणे म्हणाला, "मॅडम, या वेळी नीट तपासा."
मी तपासलं. काय करणार होते? हात गार. नाडी नाही. ईसीजीच्या कागदावर सरळ रेघ, हातभर. मी अपात्र लिहिलं, सही केली. त्याने वाचलं, मान हलवली, गेला.
जागृतीने कोणालाच आत सोडलं नव्हतं.

५ डिसेंबर, शुक्रवार
अकराला पुन्हा. कालचा कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर पात्र लिहिलं होतं. माझ्या अक्षरात.
"नीट तपासा," एवढंच म्हणाला.

६ डिसेंबर, शनिवार
परभणीहून आलेल्या आईसोबत चैत्यभूमी. चार तास रांगेत. तो तिथे नव्हता. आईला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली की खोटं कागदावर आहे, तर कागदावरच दुरुस्त कर.

८ डिसेंबर, सोमवार
सरांना सांगितलं, मी वर लेखी कळवणार आहे. पहिले दोन ईसीजी माझ्याकडे आहेत. ते म्हणाले, तुमचंही नाव जाईल. म्हटलं, जाऊ दे. ते म्हणाले, तुम्हाला भास होतायत, विश्रांती घ्या. संतापाने मला भीती आठवेना. अकराला त्यांचं मनगट धरून आत नेलं, दार लावलं.
प्रणित बसला होता. त्याने हात सरांपुढे केला. सरांनी नाडी धरली. एक मिनिट. दोन. कपाळावरून घाम गळत होता, तोंड उघडलं. मला वाटलं, आता ओरडतील.
म्हणाले, "फिट आहे. सही करा."

९ डिसेंबर, मंगळवार
सर घरी. त्यांच्या बायकोचा, राजश्रीताईंचा, फोन आला. रडत होत्या. जेवणार का विचारलं, तर फिट आहे. डॉक्टर बोलावला, तर फिट आहे. दुसरा शब्द तोंडातून निघत नाही. स्वतःचा गळा धरून बसतात.
मला वाईट वाटलं नाही. वीस वर्षं हाच शब्द—
प्रणित आज सांगून गेला, सरांचं झालं. आता तुमचं.

१० डिसेंबर, बुधवार
पत्र चार वेळा लिहिलं. जिथे अपात्र लिहायचं तिथे हात— उजवा बांधला. डाव्याने लिहिलं. तरी पात्र आलं.
जागृतीला म्हटलं, मी सांगते, तू लिही. तोंड उघडलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मागे सरकली. काय बोलले मी? नक्की काय—

११ डिसेंबर
अकराला पाच मिनिटं. डायरीत अजून खरं लिहिता येतंय. इथेच लिहिते. कोणीही वाचा, पण वाचा.
मी, डॉ. पंचशीला सहादेव जोंधळे, लिहून देते की प्रणितच्या पहिल्या दोन ईसीजीत दोष दिसला होता. मला माहीत होतं. तरी सही मी केली. सामंतांनी सांगितलं म्हणून नाही, मी केली. तो त्या दिवशी उडायला
दार उघडलं. बसला. बघतोय.
तो उडायला अ— थांब, लिहिते, हात सोड— तो उडायला अ
तो उडायला पा