आईचं भांडं

लोंगशी, २२ डिसेंबर

प्रिय सुईफेन,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. आज वर्षातला सर्वांत लहान दिवस, तेव्हा तुझ्याकडे मटणाचे डंपलिंग झाले असतील. आमच्याकडेही केले. यालानने चार खाल्ले.

मामेभावाबरोबर तू आईचं काढ्याचं भांडं पाठवलंस, सोबत चिटोराही नाही. आठ वर्षांचा अबोला, पण भाचीसाठी भांडं दिलंस. मी ते छातीशी धरून रडले.

तिसऱ्या केमोनंतर यालानच्या पांढऱ्या पेशी अकराशेवर आल्या होत्या. साधी सर्दीही महागात पडेल, असं डॉक्टर म्हणाले. इस्पितळातल्या काढ्याच्या विभागात वैद्य न्ये बाईंनी हुआंगछीची मुळी, लाल बोरं आणि आणखी नऊ जिन्नस लिहून दिले आणि बजावलं, "इंजेक्शनंही घ्यायची आणि काढाही. एकाच्या भरवशावर दुसरं सोडलंत तर मला तोंड दाखवू नका." यालान नाक दाबून पिते आणि म्हणते, "आई, या वासानेच पेशी घाबरून बाहेर येतील."

आता काढ्याच्या चोथ्याचं सांगते. आईच्या आजारपणात तू म्हणालीस, चोथा रस्त्यावर टाक, लोक तुडवतील आणि दुखणं त्यांच्या पायांबरोबर निघून जाईल. मी तुला अडाणी म्हणाले. दुसऱ्याच्या लेकराने का तुडवायचं, म्हणून रोज राखेच्या खड्ड्यात टाकला. आई गेली. तिचं दुखणं मीच घरात पुरून ठेवलं, असं तू बोललीस, ते मी विसरले नाही.

सुईफेन, यालानचा चोथा मी तिठ्यावर टाकते. शाळेची पोरं जातात तिथेच. पहाटे टाकते, कुणी बघू नये म्हणून.

पहिल्याच सकाळी त्यावर एक पाऊल उमटलं होतं. अनवाणी, डावं. आजूबाजूचा बर्फ कोरा, येण्याची खूण नाही, जाण्याची नाही. पावलाला करंगळी नव्हती. मुळ्या खणताना आईची कुठली करंगळी थंडीने झडली, ते तुला सांगायला नको.

सतरा दिवस पाऊल उमटत राहिलं. पेशी अकराशेच्या तीन हजार झाल्या. न्ये बाई म्हणाल्या, "औषधं लागू पडली." मी मान डोलावली. मग चौथं केमो झालं आणि पाऊल यायचं थांबलं. चोथा तसाच गोठून राहायला लागला. परवा पेशी नऊशे.

राखेच्या खड्ड्यात मी आईचं दुखणं पुरलं, त्याचा तिला राग आला असेल असं वाटलं. काल शाळेची घंटा व्हायच्या आत मी बूट काढले आणि त्या चोथ्यावर डावा पाय दिला. पोरीचं दुखणं माझ्यावर येऊ दे, आणखी कुणावर नको, असं मोठ्याने म्हणाले. चोथा कढत होता गं. घरून तिठ्यापर्यंत आणेस्तोवर तो केव्हाच गार होतो.

पाय उचलला. माझी पाचही बोटं शाबूत आहेत, मी दोनदा मोजली. ठशात मात्र चारच होती.

म्हणजे माझ्या वाट्याचंही आईच उचलते. मी तिच्यासाठी एवढंसुद्धा केलं नव्हतं. तू खरं बोलत होतीस आणि मी चुकले, हे लिहायला मला आठ वर्षं लागली.

उसनं घेतलेलं काढ्याचं भांडं परत नेऊन देत नाहीत, दुखणं त्याच्याबरोबर जातं. धनिणीनेच ते न्यायला यायचं असतं. तेव्हा ये. यालान रोज विचारते, "मावशी कधी येणार?" फक्त तिठ्यावरून येऊ नकोस. मागच्या गल्लीने ये, आणि आत येऊन दार लावेपर्यंत बूट काढू नकोस. तुझ्या वाट्याचंही आईला उचलायला लागू नये.

वाट पाहणारी तुझी ताई,
सुईयिंग