बिनधुराचं इंजिन

आई, तू गेल्यावर या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो. तेल तापवायची टाकी, दुधाच्या स्टीलच्या कॅनची. ॲल्युमिनियमचा घेतला असता तर तेलात घालायच्या कॉस्टिक सोड्यानं खाल्ला असता. ढवळणी हातानं फिरवायची, कारण झटकन पेटणाऱ्या मेथॅनॉलजवळ मोटरची ठिणगी नको. गाळणी जुन्या वेष्टीची, म्हणजे धोतराची, चार पदरी. आणि ही अक्षरं. मराठी बोलणं तुझ्याकडून आलं; शाळा तमिळ, म्हणून लिहिणं माझं मी शिकलो. घरात हे वाचणारा मी एकटाच.

चकलीसारखे मुरुक्कु तळणाऱ्यांच्या कढईतलं जळकं तेल घेऊन मी इंजिनाचं तेल करतो. शंभरात वीस भाग ते, बाकी डिझेल. पापनाशम गावची एक भातगिरणी त्यावर चालते. काळा धूर इतका उतरला की मालक मागच्या महिन्यात म्हणाला, बायका भात पाखडतात त्या शेडमध्येच इंजिन घेऊ, बाहेर त्याच्या जागी पोती राहतील. धूर वर सोडणारी उंच नळीही काढू. पाखडणारी एक म्हातारी लगेच बोलली, आणा की, इंजिन भिजायला नको, गळक्या पत्र्याखाली आम्ही भिजलो तर चालतं.

मी वायू मोजायचं यंत्र भाड्यानं आणून लावलं. काजळी कमी, कार्बन मोनॉक्साइड कमी पण आहेच, आणि नायट्रोजनचे वायू उलट थोडे वाढलेले. बंद शेडमध्ये ते छातीत जाणार. मालकाला आकडे दाखवले तर तो हसला. "अण्णा, दिसत नाही ते कशाला दाखवता? तेल तुमचं, नावंही तुम्हीच ठेवता?"

तेव्हापासून आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही. बाहेर पाऊस, कोळशाची शेगडी लालभडक, धूर नाही, म्हणून मी खिडकी लावतो. तू सूप टाकून उठतेस, खिडकी उघडतेस आणि माझ्या पाठीत धपाटा घालतेस. "धूर दिसेना म्हणून खिडकी लावायची कां रे? डोकं धरल्यावर कळणार तुला?" मी दिवसभर फुगून बसलो होतो. खिडकी का उघडली, ते तू सांगितलं नाहीस. ते मला पुष्कळ वर्षांनी पुस्तकांत सापडलं.

मालकाला माझ्याकडून लेखी कागद नको होता. बायकांसमोर मी नुसतं "चालेल" म्हणायचं, त्या माझ्या शब्दावर इंजिनाशेजारी बसल्या असत्या. मी नाही म्हणालो. पण दुसरा कुणी हो म्हणेल, ही टोचणी जात नाही. उगाच बस धरून तिथं जातो, नळी जागेवर आहे ना ते रस्त्यावरूनच बघतो आणि परततो. बायकोला वाटतं, तेल पोचवायला गेलो. त्या एका शब्दासाठी तो काय देत होता, ते तिला अजून सांगितलेलं नाही: त्याच्या तिन्ही गिरण्यांचं वर्षभराचं तेल माझ्याकडून, आणि चार लाख रुपये आगाऊ.