फडातल्या लेकरांना सांगितलेला शेवट

माय, तुझ्या अंगणवाडीची खोली आता पिवळी रंगवली आहे. तुझ्यानंतर तिथं मीच शिकवते, हे तुला ठाऊक असेल, किंवा नसेलही. आज लेकरांना आपट्याची पानं गोळा करायला बांधावर नेलं होतं. पाऊस संपलाय, सोयाबीन निघालंय, तळ्यावर करकोचे उतरलेत. याच दिवसांत तू पुस्तकं बाहेर काढायचीस. म्हणायचीस, दसरा झाला की गाड्या येतील, निम्मी लेकरं आईबापामागं ऊसतोडीला जातील; त्याआधी त्यांच्या कानात जेवढं घालता येईल तेवढं घालू. सगळ्या गावाची तू अक्का. घरी आलीस की दमलेली असायचीस, मला मात्र कधी वाचून दाखवल्याचं आठवत नाही.

तुझ्या शेवटच्या वर्षी मी पुण्याच्या कंपनीतून दसऱ्याला आले होते आणि तुझ्या खोलीच्या दारात बसून ऐकत होते. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर तू स्वतः चित्रं काढून पुस्तक केलं होतंस, थव्यामागं एकटं राहिलेल्या करकोच्याच्या पिल्लाचं. रोज एकच पान, आणि वाचून झालं की त्यातलं काहीतरी करायचं. पिल्लू पळसाखाली उतरलं की पळसाचं पान कागदाखाली धरून त्यावर खडू घासायचा. पिल्लू धुक्यात शिरलं की सगळ्यांनी डोळे मिटून एकमेकांना हाका मारायच्या. मेंढरं विकून तोडीला लागलेल्या घरातला एक पोरगा फक्त कानडी बोलायचा. त्याच्यासाठी तू प्रत्येक वाक्य लगेच कानडीत फिरवायचीस. गाडी लवकर आली. गोष्ट अर्ध्यात, पिल्लू धुक्यात. दात पडलेली ती बारकी पोरगी तुझा पदर धरून उभी आहे, बाहेर तिचा बाप हाका मारतोय.

"अक्का, पुढं काय होतंय?"

"परत आल्यावर सांगते."

"आत्ता कामून न्हाई?"

"आत्ता मलाच ठाव न्हाई गं. तू येस्तोवर सुचंल मला."

दिवाळी झाली आणि एका सकाळी खोली झाडता झाडता तू गेलीस. मी आले ती तुझ्या मातीला. तुझ्या कॅलेंडरातली पुढची पानं कोरी होती. गावानं म्हटलं, दुसरी बाई मिळेपर्यंत तू बस. मी बसले.

शिमग्यानंतर गाड्या परतू लागल्या. दात पडलेली पोरगी आली, तिला आता नवे दात फुटले होते. तिचा जीव त्या गोष्टीत अडकलेला असेल म्हणून मी कॅलेंडर उघडलं आणि मनानं शेवट जुळवत सांगायला लागले, की पिल्लाला थवा सापडतो.

"तसं न्हाई ते," ती म्हणाली. "थवा येतच न्हाई. त्याची माय येती. पर ती खाली उतरत न्हाई. तिला आता उतरता येत न्हाई. वरूनच इचारती, हाय का गं? मग पिल्लानं हाय म्हणायचं. बास. मग धुकं जातंय."

"कुणी सांगितलं तुला?"

"अक्कानं. फडात. आई-अप्पा तोडीला गेले की यायच्या. बसायच्या न्हाईत, उभ्यानंच वाचायच्या."

तुझं झालेलं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या आईला मी बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "भर दुपारी ही कोपीच्या दारात बसून उसाच्या पाचटाकडं बघत हूं हूं करायची. कुणाशी बोलायलीस म्हणलं, तर म्हणायची अक्का वाचायल्यात. म्हणलं खेळायलंय लेकरू." मग मी तुझी बातमी सांगितली तेव्हा त्या बाईनं पोरीला हाक मारून जवळ ओढलं.

मीही म्हटलं असतं, लेकराच्या मनाचे खेळ. पण आठवड्यानं तो कानडी पोरगा आला. तो दुसऱ्या टोळीत, दुसऱ्या मुलखातल्या कारखान्यावर होता. गाडीतून उतरला तसा खोलीकडं धावला, अजून कुणाला भेटलाही नव्हता. मी काही विचारायच्या आत कॅलेंडरातल्या धुक्यावर बोट ठेवून त्यानं, तुझ्यामुळं मला थोडी कळते त्या कानडीत सांगितलं, माय येते, खाली उतरत नाही, वरूनच विचारते. आणि तीनच शब्द त्यानं मराठीत म्हटले, "हाय का गं?" त्याला मराठी येत नव्हतं, माय. आवाजाची ती ओढसुद्धा तुझीच. पिल्लाला कुणी गं म्हणतं का? खोलीवरून परतलीस की उंबऱ्यावरूनच तू मला असं विचारायचीस, हे त्या लेकरांना कुठून कळणार?

बाहेर वारं नव्हतं. कोपऱ्यात तू ठेवलेली पळसाची वाळकी पानं मात्र एकदा हलली. पोरगा तिकडं बघून हसला, आणि खेळायला गेला.

दुसरी बाई कधी मिळालीच नाही. मी परत पुण्याला गेले नाही. दर वर्षी ती गोष्ट त्याच शेवटानं वाचते, आणि लेकरं गाडीत चढली की त्यांच्याबरोबर कोण जातंय हे कुणाला सांगत नाही. हा कागदही कुणाला दाखवणार नाही, सकाळी चुलीत घालीन. पोरीच्या आईनं ते गावभर सांगितलं; सगळे समजतात ते ऐकून मी भ्यायले होते. भ्यायले नव्हते, माय. मला त्या लेकरांचा हेवा वाटला होता. अजून वाटतो.