गच्चीवरची निळी खोली

परभणी,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय नीलमवहिनी यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

दादाने तुम्ही केलेल्या आपल्या घराच्या कागदी नमुन्याचा फोटो पाठवला. फोनवरच कळवलं असतं, पण आबांनी तीस वर्षं टपाल वाटलं. आपल्या घरात महत्त्वाचं बोलणं अजून कागदावरच होतं.

काम नेटकं आहे. प्रमाण साधारण एकास पन्नास दिसतं. जिन्याला अकरा पायऱ्या आहेत, तुम्ही दहा केल्या. आणि गच्चीवरची माझी खोली केलेलीच नाही. कारण कळावं.

दादा म्हणतो, आबा आता संध्याकाळी चौकात जात नाहीत, तुमच्याजवळ कातरकाम करत बसतात. मी डिप्लोमाला होते तेव्हा रविवारी ते माझ्या ड्रॉइंगची पट्टी धरून बसायचे. शीटवर घाम पडू नये म्हणून खांद्यावर पंचा. आता तुमची पट्टी धरतात का, एवढंच विचारते. राग आलेला नाही.

पुलांची ड्रॉइंग मी करते आणि घर तुम्ही बांधता. बी.ए.ला हे कुठे शिकवतात?

आबांना जयभीम सांगा. लोभ उरला असेल तेवढा राहू द्यावा.

आपली,
सुकेशनी

मानवत,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुकेशनीताई,
सप्रेम जयभीम. पत्रास कारण की, तुमी पत्र धाडलं का नोटीस, असं तुमचे दादा विचारायलेत.

शिकले पप्पूच्या झेरॉक्सच्या दुकानात. एका फॉर्मची प्रिंट घ्यायला गेले होते. त्यानं रंगीत मशीन तपासायला कागदी बसचा नमुना छापला होता, तो मागून आणला. कापताना कडेचे कान फालतू समजून छाटून टाकले, मग चिकटवायला काही उरलंच नाही. आबा लय हसले. म्हणाले, पोरी, हे तर अंतर्देशीय पत्र हाय, कान छाटले तर डिंक कुठं लावशील? दुसऱ्या दिवशी ते स्वतःच नवी प्रिंट घेऊन आले. तिथून नाद लागला. आता घरात जुनी लग्नपत्रिका टिकत नाही. जाड कागद दिसला की आमी दोघं कात्री घेऊन बसतो.

आता खोलीचं. आमच्या घराचं छत उचललं की आतलं सगळं दिसतं, अगदी भांड्याची मांडणीसुद्धा. पण तुमच्या खोलीला कुलूप, चावी तुमच्याजवळ. मी म्हटलं, अंदाजानं करू. आबा म्हणाले, सुकीची खोली अंदाजानं करायची नाही, एक सूत चुकलं तर ती घरात पाय ठेवायची नाही. तेव्हा तुमीच आखून धाडा.

पट्टी मीच धरते, ताई. आबा आखतात.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
नीलम

परभणी,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय नीलमवहिनी यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

खोली सोबत आहे. पाकिटात मावावी म्हणून सपाटच पाठवते. चारही भिंती एका पट्टीत, लांबी बासष्ट आणि रुंदी एकोणपन्नास मिलिमीटर. कान ठेवले आहेत, छाटू नयेत. बाहेरच्या भिंतीसारखा निळा रंग दिला आहे. छत आणि आतलं टेबल वेगळ्या तुकड्यांवर आखलं आहे.

आखलेली बाजू आत ठेवून घड्या घालाव्यात. पत्र्याच्या डब्याची आखणी आम्हाला तशीच शिकवली आहे.

डिंक आबांनीच लावावा. तुमचा हात सफाईदार आहे, म्हणूनच सांगते.

चावी सध्या देता येणार नाही. आत माझी शीट्स आहेत.

आबांना जयभीम. आठवण येत असल्यास कळवावं.

आपली,
सुकेशनी

मानवत,
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय सुकेशनीताई,
सप्रेम जयभीम. खोली पोचली. माप तंतोतंत, गच्चीवर अशी बसली की बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही.

पण ताई, रंग दिलेली बाजू आणि आखलेली बाजू एकच होती! तुमी सांगितलं तशा घड्या घातल्या आणि सगळा निळा रंग आत गेला. बाहेरून खोली कोरी पांढरी. मी म्हटलं, उलटी करून घेऊ, डिंक ओला हाय तोवर होईल. आबांनी माझा हात धरला. म्हणाले, राहू दे, बरोबर हाय. सुकीचा रंग आतच असतो.

मग बराच वेळ छत उचलून आत बघत बसले. मला मेलीला कधी एवढं बघितलं नाही. खरं सांगते, जरा जळले मी.

जिना अजून दहाच पायऱ्यांचा हाय. अकरावी करायला घेतली तर आबा नको म्हणाले.

दोघींची माया सारखीच मोजावी.

तुमची,
नीलम

परभणी,
४ डिसेंबर २०२५

प्रिय नीलमवहिनी,
सप्रेम जयभीम.

चूक माझी. कबूल.

रविवारी सकाळच्या बसने येते. अकरावी पायरी मी आखणार आहे. पट्टी आबांनी धरावी, कात्री तुमच्याकडे.

लोभ आहे.

सुकेशनी

ता. क. पाकिटाच्या तळाशी चावी आहे. मी येण्याआधी खोली झाडून ठेवलीत तरी चालेल. शीट्सना हात लावलात तरीही.