एका बारीत एकच काम

३ ऑगस्ट, रविवार

आज एकाला मारलं. माणूस नव्हे. डुकराचं तोंड, माणसाचं अंग, यशी त्याला ऑर्क म्हणते. वीस तोंडांच्या फाशावर अठरा पडले आणि तो खलास. वाईट वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. उद्याचा साबुदाणा भिजत घातला.

झालं असं. आमची यशश्री दर रविवारी तीन ते सहा जेवायच्या टेबलावर खेळ मांडते. ती पुठ्ठ्याच्या पडद्यामागं बसून गोष्ट सांगते, बाकीचे आपापलं पात्र चालवतात आणि फासे टाकतात. समोरच्या बियाणांच्या दुकानातला अंकित चोर होतो. शीतल शाळेत शिकवते, ती वैद्य होते. तिसरा सर्जेराव पुण्याला गेला नोकरीला. खुर्ची रिकामी. "आई, तू बस. नुसती बस." शेंगा फोडायच्याच होत्या, बसले.

"तलवार पाहिजे का मंत्र?" यशीनं विचारलं.

"दोन्ही."

"दोन्ही येतील. पण एका बारीत एकच काम. तलवार चालव, न्हाई तर मंत्र म्हण."

हे काही पटलं नाही. अठ्ठावीस वर्षं माझं अथर्वशीर्ष पोळ्या लाटतानाच झालं आहे. तोंडाला एक बारी आणि हाताला दुसरी, असं केलं असतं तर या घरात कोणी वेळेवर जेवलं नसतं.

पात्राचं नाव कमळजा ठेवलं. यशीला वाटलं देवीवरून. शाळेत आमच्या वर्गात एक कमळजा होती, सगळ्यांना बडवायची.

१० ऑगस्ट, रविवार

कमळजाला दिवसाला चार मंत्र मिळतात. मी एकही खर्च केला नाही. तलवारीवरच भागवलं.

शीतल जखमी होऊन पडली. अंकित म्हणे, "काकू, टाका ना आग. काय वाचवून राह्यल्या?" मी म्हटलं असू द्या, पुढं लागंल. मग अंकितही पडला.

शेवटी आम्ही गुहेत झोपलो (खेळात). यशी म्हणाली, सकाळ झाली, आता पुन्हा चार मंत्र. मी म्हटलं, पुन्हा आठ. कालचे चार आणि आजचे चार. "न्हाई आई. वापरले न्हाई की गेले."

शिल्लक पुढं ओढत नाहीत! हा खेळ ज्यानं काढला त्यानं कधी घर चालवलं नसावं.

१२ ऑगस्ट, मंगळवार. अंगारकी

राजूरच्या गणपतीला जाऊन आले. एस.टी.त उभ्यानं, रांगेत अडीच तास.

यशीच्या कंपनीनं सांगितलंय, दिवाळीपर्यंतच पगार, पुढं बंद. हैदराबादच्या एका ठिकाणी मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या, तिसरी राहिली. ती काही बोलत नाही. पण जेवतानासुद्धा फोन ताटाशेजारी सुलटा ठेवते.

नवस बोलले. हिला नोकरी लागू दे, माझ्या आवडीची एक गोष्ट सोडीन. कोणती ते सांगितलं नाही. मुद्दामच. ह्यांनी काशीला दोडका सोडला, तो त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता. सासूबाईंनी सीताफळ सोडलं, बियांचा त्रास गेला म्हणाल्या. मी म्हटलं बघू वेळ आल्यावर. फार तर चहा. देवासमोर सौदा असा उघडा ठेवू नये, पण मागून एक बाई ढकलून राह्यली होती.

१७ ऑगस्ट, रविवार

काही मंत्र एकदा म्हणून भागत नाही, मनात धरून ठेवावे लागतात. मार बसला की फासा टाकायचा. कमी पडले की मंत्र सुटला. माझे तीन पडले. सुटला.

१८ ऑगस्ट, सोमवार

पोथीच्या मध्यात सिलिंडरवाल्यानं बेल वाजवली. अध्याय सुटला. पुन्हा पहिल्यापासून.

७ सप्टेंबर, रविवार

ढाल टाकून दिली. एका हातात तलवार, एकात ढाल, मग मंत्राची मुद्रा काय पायानं करू? "काकू, मार बसंल," अंकित म्हणाला. बसू दे.

हे पेपर खाली करून म्हणाले, "पन्नाशीला तलवारी. भजनी मंडळात काय सांगतेस?"

मी म्हटलं, गणपतीच्या हातात परशू, दुसऱ्या हातात मोदक, वर आशीर्वाद. त्याला कोणी म्हणतं का, एका बारीत एकच काम?

"त्याला चार हात आहेत," हे म्हणाले.

रात्री भाजीत मीठ कमी घातलं.

२१ सप्टेंबर, रविवार

कमळजा सातव्या पायरीला पोचली. आणि सातव्या पायरीला — छोटा मंत्र म्हटला की त्याच बारीत तलवारीचा एक वार फुकट. फुकट! यशीनं पुस्तक उघडून दाखवलं. मी दोनदा वाचलं.

लगेच पुलावर दगडी राक्षस. शीतल पडलेली, अंकित कठड्याला एका हातानं लोंबकळतोय. मी मोठ्यानं मंत्र म्हटला, खराखुरा, ‘ॐ गं’ पासून. फासा टाकला, सतरा. राक्षसाच्या तोंडावर आग. त्याच बारीत तलवार. एकोणीस.

राक्षस गडगडत खाली. यशी पडद्यामागून इतकी हसली की पेन्सिल पडली तिची. महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

सहा वाजता टेबल आवरताना माझा कप दिसला. भरलेला. वर साय धरलेली. साडेतीनला घेतलेला चहा मी विसरले होते. आजवर असं झालेलं नाही.

म्हणजे आवडीची गोष्ट चहा राहिली नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. देव्हाऱ्यासमोर स्पष्ट सांगितलं, चहाच सोडीन. गणपतीनं ऐकलं असं काही वाटलं नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

लागली! हैदराबादला, दिवाळी झाली की हजर व्हायचं. हे रडले. मी कणीक मळत होते. हात चालू होते, तोंडातून मात्र एक अक्षर निघालं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

चहा सोडून दोन दिवस झाले. डोकं दुखतं. बाकी काही दुखत नाही, इथंच तर लबाडी कळते.

यशीला सांगितलं सगळं. ती आपट्याची पानं निवडत होती.

"नवसात नेमकं काय बोलल्ती?"

"आवडीची गोष्ट."

"मंग बोल की, भरलं वांगं आवडतं."

"गणपतीला खरं माहीत आहे."

"आई, मी चालले. तूही खेळ सोडणार. अंकित अन् शीतलनी काय करायचं?"

"लुडो."

ती हसली नाही. मीही नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

आज खेळले नाही. तिघं टेबलावर होते, मी आत भांडी घासली. घासलेलीच होती.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. संकष्टी

राजूर. कमळजाचा कागद चार घड्या घालून दानपेटीत टाकला. त्यावर तिची ताकद, तिचे चार मंत्र, तलवार, सगळं. पुजारी बघत होते. त्यांना चेक वाटला असावा, प्रसादाला दोन मोदक जास्त दिले. येताना स्टँडवर चहा प्यायले.

२६ ऑक्टोबर, रविवार

यशी सकाळच्या गाडीनं गेली. डब्यात धपाटे, चटणी, लाडू. तिच्या खोलीत गेले नाही. कपाट उघडंच टाकून गेली असणार.

२७ ऑक्टोबर, सोमवार

कपाट बंदच होतं. टेबलावर पुठ्ठ्याचा पडदा, फाशांची पिशवी आणि एक चिठ्ठी. ‘आई, पडद्यामागं बसणाऱ्याला स्वतःचं पात्र नसतं. नवस मोडत नाही. मी वाचून बघितलंय.’

कुठं वाचलं कोण जाणे. राजूरला विचारायला मी काही जाणार नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

तीन वाजता पडद्यामागं बसले. अंकित आला, शीतल आली. तिसऱ्या खुर्चीवर हे येऊन बसले, पेपर घडी करून. काय पाहिजे, तलवार का मंत्र? "दोन्ही," म्हणाले.

मी म्हटलं, एका बारीत एकच काम.