मशीनचं तोंड धुळ्याला होतं

अहो,

रबरी चपला घालून, हातात लाकडी फूटपट्टी धरून मी सॉकेटमधली वायर ओढत होते आणि मागे सलीमभाई हसले.

"भाभी, मेन स्विच बंद आहे. सव्वा वर्षापासून. मीच बंद केला."

शेजारच्या गाळ्यात पॉलिश करणारा माणूस तुमच्या बायकोला हसला, याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यानंतर ते जे बोलले, त्यासाठीच हे पत्र. तुम्ही असताना तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. गावी, साक्रीला गेलात तरी दोन दिवसांत पिंप्राळ्यात परत. मी लिहिणार तरी काय होते?

त्या ड्रिल मशीनबद्दल लिहायचं आहे.

मशीन आणलंत त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. खोक्यावर चित्र होतं: मशीन, त्यात बसवलेलं लखलखीत बिट, वायरच्या टोकाला तीन पिनांचा प्लग. खोक्यात निघालं नुसतं मशीन. लाकडाला भोक पाडणारं बिट नाही. बिट धरून ठेवतो तो चक, म्हणजे मशीनचं तोंड, ते आवळायची चावी नाही. प्लग नाही, वायरच्या टोकांवर टेप गुंडाळलेली. तुम्ही सायकल काढलीत आणि थेट दुकानात गेलात. परत आलात ते साक्रीची बोली बोलतच. चिडलात की शहरातली वीस वर्षं तुमच्या जिभेवरून उतरायची.

"हाई काय मशीन शे? बठ्ठा दात काढी लिधात नि बोळकं तोंड दिधं!"

"दुकानदार काय म्हणाला?"

"म्हणतो, बिट वेगळं, चावी वेगळी, प्लग वेगळा. म्हटलं, मग खोक्यावर दाखवलंय ते? म्हणतो, ते चित्र आहे, भाऊ."

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. पुढे महिनाभर दरवाजाचं माप द्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने ती गोष्ट ऐकली. बिट इथेच, जळगावात मिळालं. चावी मात्र एकही बसेना. प्लगचं काम माझ्याकडे आलं, कारण विजेच्या सामानाचं दुकान माझ्या शाळेच्या रस्त्यावर.

"बाई, आज तरी आणा." माझी शाळेतली मुलं म्हणतात तसं तुम्ही मला बाई म्हणायचात, काही हवं असलं की.

लागोपाठ तीन दिवस सांगितलंत. तिन्ही वेळा मी म्हटलं, विसरले. खरं सांगू? विसरले नव्हते. त्या दुकानाच्या पायरीवर पुरुषांची गर्दी असायची. त्यांच्यात उभं राहायचा कंटाळा केला.

चौथ्या दिवशी दुपारी शाळेत निरोप आला.

तुम्ही गाळ्यात खाली पडलेले सापडलात, हे मला इतरांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी मान हलवली. तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी तुमचा चष्मा शोधायला गाळ्यात गेले, तेव्हा मशीन टेबलावर होतं आणि वायर सॉकेटमध्ये. प्लग नव्हता म्हणून उघड्या तारा भोकांत घालून काडेपेटीच्या दोन काड्या ठोकून घट्ट केलेल्या. मी कशाला हात लावला नाही. बाहेर आले, कुलूप घातलं. त्या रात्रीपासून पहाटे चारला जाग ठरलेली.

शॉक लागला होता का, हे कोणाला विचारणार होते? डॉक्टर तुमच्या ओळखीचे. ते माझी समजूत घालत असणार, असं मी धरून चालले. अक्का साक्रीला परत निघाल्या तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तुमच्या आईचा हात आणि मला मान वर करवेना! तेव्हापासून साक्रीला गेले नाही. परीक्षा, पेपर, पाहुणे: सबबी पुष्कळ. मुलगा गेला आणि सून तुटली, असं अक्कांना वाटत असेल.

आज सलीमभाई आले. म्हणाले, मशीन पडून गंजेल, मला वापरू द्या. मी म्हटलं, न्या, पण वायर मी काढेन, तुम्ही लांब उभे राहा. म्हणून ती फूटपट्टी. हसता हसता त्यांनी माझा चेहरा पाहिला, मग सॉकेटमधल्या काड्या.

"भाभी, ह्या काड्या तर मी लावल्या."

"कधी?"

"भाऊंना पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी. असोद्याच्या गिऱ्हाइकाचे दोन दरवाजे राहिले होते ना? त्यांची वास्तुशांत तोंडावर आलेली. म्हटलं, भाऊंचं नाव जायला नको. गाळ्याची एक किल्ली माझ्याकडे असायचीच. वायरीवरची टेपसुद्धा मीच सोलली."

"त्याआधी ह्यांनी चालवलं नसेल कशावरून?"

"कसं चालवणार? चक माझ्या पिशवीत! चावीचं माप जुळवायला भाऊंनी चकच काढून दिला होता. त्या दिवशी मी धुळ्याला, सासुरवाडीला. जेवण सोडून पाच दुकानं फिरलो, सासरे अजून बोलून दाखवतात. चावी घेऊन संध्याकाळी आलो, तर गल्लीत माणसं उभी."

मी खाली भुशात बसले. त्यांना तीच हकिगत पुन्हा सांगायला लावली. मग आणखी एकदा.

"भाभी, कुराण हातात घेऊन सांगू का?"

"नको. धुळ्याचं तेवढं पुन्हा सांगा."

त्यांनी सांगितलं. चौथ्यांदा सांगताना एक नवी गोष्ट निघाली. आदले दोन दिवस तुम्ही डावा खांदा चोळत होतात. "काय झालं?" तर म्हणालात, "रंधा ओढून भरून आलाय."

महिनाभर साऱ्या पिंप्राळ्याला त्या मशीनचं गाऱ्हाणं ऐकवलंत. चक धुळ्याला पाठवला, हे मला सांगायला काय झालं होतं? आणि खांदा? मला सांगितला असतात तर मी रागावले असते, हात धरून दवाखान्यात नेलं असतं. म्हणूनच नाही ना सांगितलंत? याचं दुःख आहे, राहील. पण हे दुःख निराळं आहे. त्यात माझा हात नाही.

ज्या दुकानदाराला तुम्ही शिव्या घातल्यात, त्याला मी आज मनातल्या मनात नमस्कार केला. त्याने अर्धवट वस्तू विकली म्हणून मी सुटले. त्याने सगळं नीट भरून दिलं असतं, तर आज मला कोणी काय पुरावा दिला असता? तुम्हाला हे ऐकवणार नाही, ठाऊक आहे. चिडा! साक्रीच्या बोलीत चिडा.

मशीन सलीमभाईंना दिलं. गाळाही त्यांनी वापरायचा ठरलं आहे. त्यांच्या गाळ्यात म्हणे पावसाळ्यात पॉलिश वाळत नाही.

येत्या रविवारी साक्रीला जाते. अक्कांना सगळं सांगेन: प्लगचं, मी पायरीवरून परत फिरले त्याचं, आणि मी इतके दिवस का आले नाही त्याचं. एकही गोष्ट गाळणार नाही. त्या रागावल्या तर ऐकून घेईन. हा शब्द तुम्हाला दिला.

तुमची
निर्मला

ता. क. सकाळ झाली आहे. दूधवाल्याने तीन हाका मारल्या म्हणे. शेवटी शेजारच्या वहिनींनी दूध घेऊन ठेवलं. मी आठला उठले. शाळेचा पहिला तास बुडाला.