एत्तोरेचा शेवटचा गणपती

मी, चित्रलेखा अजित देवस्थळी, वय एकाहत्तर, राहणार कॅसल हिल, सिडनी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचीही भीडभाड न ठेवता लिहीत आहे. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत आहे. यापूर्वीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी एकुलती मुलगी मयूरा हिला द्यावी. दीर नंदू याला शेडमधली वेताची खुर्ची. तिच्यावर बसून त्याने आम्हाला आयुष्यभर फुकटचे सल्ले दिले आहेत.

२. केलीव्हिलची शेड, काचेची भट्टी, फुंकनळ्या व चिमटे मयूराला. ही भट्टी एत्तोरे मोरान्दिन याने उभारली आणि जाताना माझ्या नावे केली. मी पुण्याची केमिकल इंजिनिअर, त्याच्यासाठी काचेचे मिश्रण करीत असे. तो व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचा, काचकारांच्या घरातला. त्याने डिझाइन केलेले दिवे मोठमोठ्या हॉटेलांत लागले, पण साधा पेला करतानाही तो तितकाच जीव ओतायचा. कड ओठाला कशी लागते हे बघायला प्रत्येक पेल्यातून आधी स्वतः पाणी प्यायचा. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

३. शेडचे दार कोणीही रंगवू नये. एत्तोरे प्रत्येक वस्तू आधी जमिनीवर खडूने खऱ्या मापात काढायचा. गणपती काढला तेव्हा नंदू ओरडला, "अरे मेट, बाप्पाला पाय लागेल!" एत्तोरेने माफी मागितली, जमीन स्वतः पुसली आणि चित्र दारावर काढले. नंदूच्या बाकी बोलण्याचे मी काही मनावर घेतले नाही, पण हे त्याचे बरोबर होते.

४. आता मुख्य गोष्ट. आमचा गणपती बिनरंगी काचेचा. मूर्ती विरघळली पाहिजे, फोडायची नाही, हे मी समजावले, तेव्हा एत्तोरे म्हणाला, "नो वरीज, भट्टीत सोडू." दरवर्षी आरतीनंतर तो मूर्ती तडकू नये म्हणून हळूहळू तापवायचा आणि वितळलेल्या काचेत सोडायचा. पुढच्या वर्षी त्याच काचेतून नवी करायचा. एवढे देखणे काम हातावेगळे करून असे सोडून द्यायला केवढे मन लागते!

गेल्या वर्षी गणपतीच्या आधीच एत्तोरे गेला. मूर्ती तयार होती. आम्ही तिची पूजा केली, विसर्जन केले नाही. एक म्युझियम ती मागत आहे. मयूरा एत्तोरेच्या हाताखाली शिकली, त्याच्यासारखीच फुंकते, पण तेव्हापासून तिने भट्टी पेटवलेली नाही. म्हणते, "आई, आर यू सिरियस? हा त्यांचा लास्ट पीस आहे. आय कान्ट मेल्ट इट!"

तरीही माझी आज्ञा अशी: मूर्ती म्युझियमला देऊ नये. माझ्या पश्चात येणाऱ्या पहिल्या गणेशोत्सवात मयूराने भट्टी पेटवून तिचे विसर्जन करावे आणि त्या काचेतून नवा गणपती करावा, एत्तोरेचा नव्हे, स्वतःचा. बिघडला तर पुन्हा वितळवावा. ही अट पाळली नाही तर शेड नंदूला जाईल, आणि तो तिथे आपली कॅरॅव्हॅन उभी करील हे मयूरा जाणते.

५. मी जिवंत असेपर्यंत मात्र त्या मूर्तीला कोणी हात लावू नये. मयूराला जे करायला सांगितले आहे, ते माझ्याच्याने होणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहून, वाचून, साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

चित्रलेखा अजित देवस्थळी

साक्षीदार, दोघेही एकाच वेळी हजर:
१. सुनेत्रा पोंक्षे, शेजारीण
२. यतिन राजाध्यक्ष, कुटुंबाचे स्नेही

कॅसल हिल, सिडनी
१२ मार्च २०२६